उडती तबकडी आणि दोन अधिकारी

‘उडती तबकडी’ हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलाय. पण तिच्या अगदी सुरुवातीच्या चौकशीत दोन लष्करी अधिकाऱ्यांचा जीव गेला, हे फारसं कोणी सांगत नाही. आज त्यांच्याबद्दल बोलू.

२४ जून १९४७. केनेथ अर्नोल्ड हा आग विझवण्याची साधनं विकणारा अमेरिकन व्यापारी स्वतःचं छोटं विमान चालवत वॉशिंग्टन राज्यातून निघाला होता. माउंट रेनियरजवळ त्याला नऊ चमकत्या वस्तू रांगेनं जाताना दिसल्या. त्यानं घड्याळ लावलं. रेनियर ते माउंट अ‍ॅडम्स हे अंतर त्यांनी १ मिनिट ४२ सेकंदांत कापलं. हिशोब केला तर वेग ताशी अडीच हजार किलोमीटरच्या वर! चक येगरनं ध्वनीचा वेग ओलांडला तो त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये. पाण्यावर बशी भिरकावली की ती जशी उसळ्या घेत जाते, तशा त्या जात होत्या, असं अर्नोल्ड म्हणाला. वर्तमानपत्रांनी ‘तबकडी’ शब्द उचलला.

लष्कराला चिंता परग्रहाची नव्हती. हे रशियाचं नवं विमान तर नाही ना, हा प्रश्न होता. तेव्हा अमेरिकेचं हवाई दल लष्कराचाच भाग होतं. कॅलिफोर्नियातल्या हॅमिल्टन फील्डवरून कॅप्टन विल्यम डेव्हिडसन आणि लेफ्टनंट फ्रँक ब्राउन हे गुप्तवार्ता अधिकारी जुलैमध्ये अर्नोल्डला भेटले. त्यांचं मत पडलं, की हा माणूस खोटं बोलत नाही.

इथे एक फरक लक्षात घ्या. साक्षीदार प्रामाणिक असणं वेगळं आणि त्याचा अंदाज बरोबर असणं वेगळं. अर्नोल्डनं वेळ घड्याळावर मोजली, पण अंतर नजरेनं ठरवलं. हवाई दलाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅलन हायनेक यांनी पुढे नेमकं इथेच बोट ठेवलं. अर्नोल्डनं सांगितलेल्या आकाराची वस्तू त्यानं सांगितलेल्या अंतरावरून तशी दिसणारच नाही. वस्तू जवळ असेल, तर वेगही एकदम खाली येतो. आघाडीच्या चौकीवरून येणाऱ्या प्रत्येक रिपोर्टला आम्ही हाच प्रश्न विचारायचो: यातलं पाहिलेलं किती आणि ताडलेलं किती?

महिनाअखेरीस अर्नोल्डनं या दोघांना टकोमा शहरात बोलावलं. तिथे दोन माणसं मॉरी बेटाजवळ तबकडीतून पडलेले तुकडे दाखवत होती. दोघांनी चौकशी केली आणि रात्रीच परत निघाले. १ ऑगस्टच्या पहाटे केल्सोजवळ त्यांच्या बी-२५ विमानाच्या इंजिनाला आग लागली. विमानातले इतर दोघे पॅराशूटनं वाचले. डेव्हिडसन आणि ब्राउन गेले.

मॉरी बेटाचं प्रकरण बनावट होतं, असा निष्कर्ष पुढे निघाला.

नंतर हवाई दलानं ‘प्रोजेक्ट साइन’, ‘ग्रज’ आणि ‘ब्लू बुक’ चालवले. १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी झाल्या, त्यांपैकी ७०१ अनुत्तरित राहिल्या. अर्नोल्डची नोंद ‘मृगजळ’ म्हणून मिटवली गेली. ते सगळ्यांना पटलं नाही.

आज कोणी मोबाइलवर गंमत म्हणून खोटा व्हिडिओ पुढे ढकलतो, तेव्हा मला हे दोघे आठवतात. खबर खरी असो वा खोटी, तपासायला कोणालातरी जावंच लागतं. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.