चोथ्यात राहिलेले विकर

सफरचंदाची फोड बशीत ठेवली की घटकाभरात तिचा पांढरा गर तांबूस पडतो. नोकरीनिमित्त उत्तरेत आलेल्या आमच्यासारख्यांच्या घरी हिवाळ्यात हे दृश्य नित्याचे. मुलांच्या डब्यातील फोडींना लिंबाचा रस चोळण्याची युक्तीही अंगवळणी पडली आहे. परंतु या क्षुल्लक तांबूसपणाचा उलगडा होण्यास शतकाहून अधिक काळ लागला, ही हकीकत आम्हांस उशिरा कळली.

१८५६ साली बाझेलचे रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यांनी एका अळंबीचा छेद हवेत निळा पडतो तो का, याचा विचार केला. अळंबीतच प्राणवायूला उद्युक्त करणारे एखादे द्रव्य असावे, असा त्यांचा तर्क होता. शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये बर्त्रां यांनी ते द्रव्य विकर आहे हे दाखविले. १९३७-३८ मध्ये बटाट्यातील व अळंबीतील विकर शुद्ध करताना त्याच्या अंगी तांबे असते, हेही सिद्ध झाले.

तरी एक प्रश्न उरलाच. विकर आणि त्याचे भक्ष्य असलेली फिनॉलद्रव्ये फळात जवळजवळ नांदत असता अखंड फळ तांबूस का होत नाही? १९४९ साली आर्नन यांनी बीटच्या पानांतील हरितकणांत हे विकर दाखविले, आणि १९६४ साली जेरुसलेमच्या संशोधकांनी सफरचंदाच्या पेशींतही ते कणांशी निगडित असल्याचे सांगितले. विकर कणांतील पातळ पटलांच्या आश्रयास, फिनॉलद्रव्ये रिक्तिकेत, मध्ये भिंत. सुरी ही भिंत मोडते.

येथेच खरी अडचण उभी राहिली. फळ वाटून पाण्यात कालवले व गाळले, तर पटलांशी जखडलेले विकर चोथ्यात राहते. शिवाय वाटतानाच भिंती मोडून विकर आपल्या भक्ष्यावर तुटून पडते, आणि त्या क्रियेतून झालेली द्रव्ये त्यालाच चिकटून त्याचे मूळ रूप पालटतात. ज्याची ओळख करून घ्यावयाची, त्याचीच ओळख पुसली जाते!

१९८१ साली बॉर्डिये यांनी ट्रायटन एक्स-११४ या साबणासारख्या द्रव्याचा उपयोग सुचविला. थंडीत ते पाण्याशी एकजीव राहते. सुमारे २० अंशांपुढे गढूळ होऊन दोन थरांत फाटते. १९८९ मध्ये स्पेनमधील मुर्सियाच्या संशोधकांनी ही रीत द्राक्षांस लावली. फिनॉलद्रव्यांचा मोठा भाग व हरितद्रव्य साबणाच्या थरात गेले, आणि विकर वरच्या पाण्यात, तेही निद्रिस्त अवस्थेत, हाती आले. ट्रिप्सिनने त्यास जागे करता येई. म्हणजे झोप व जाग या दोन्ही स्थितींत त्याचे गुणधर्म मोजण्याची सोय झाली.

कचेरीत आम्ही रोज फायलींचे गोषवारे करतो. जे गोषवाऱ्यात सहज उतरत नाही, ते कामाचे नव्हते असे मानण्याचा मोह आम्हांसही होतो. फळाच्या या छोट्याशा इतिहासाने तो मोह थोडा आवरला आहे. पाण्यात उतरले तेवढेच खरे मानले असते, तर चोथ्यात राहिलेली गोष्ट आजही अज्ञातच राहिली असती.