बालकांवरील अत्याचार : माहिती देण्याचे कायदेशीर कर्तव्य

'लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२' अर्थात 'पोक्सो' कायद्यातील एका महत्त्वाच्या तरतुदीकडे आम्ही भाविकांचे लक्ष वेधू इच्छितो.

अठरा वर्षांखालील बालकावर लैंगिक अपराध घडल्याचे ज्ञात असल्यास किंवा घडण्याची भीती असल्यास पोलिसांना कळविणे कलम १९ अन्वये प्रत्येकावर बंधनकारक आहे. शिक्षक, डॉक्टर, वसतिगृह अधीक्षक, धर्मगुरू वा धर्मभगिनी, कोणीही अपवाद नाही. पुरावे गोळा करणे हे पोलिसांचे काम होय. सद्हेतूने माहिती देणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे.

मौन बाळगणाऱ्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हाताखालील व्यक्तीचा अपराध न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास व दंड आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील एका शालेय वसतिगृहातील मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरविरुद्धचा असा गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्दबातल ठरविला. ठाऊक असूनही न कळविणे हा गंभीर अपराध असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले.

पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या आदेशान्वये धर्मगुरू व व्रतस्थांनी धर्माधिकाऱ्यांनाही अशी माहिती द्यावयाची आहे. तथापि त्यामुळे पोलिसांना कळविण्याचे कर्तव्य संपत नाही.

संस्थेची अब्रू जपण्यासाठी प्रकरण आपसात मिटविणे म्हणजे बालकास पुन्हा त्याच हाती सोपविणे होय, असे आम्हांस वाटते. मदतीसाठी १०९८ ही बालक साहाय्य दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.