डोरलं आणि भाकरी

कोरेगावच्या घरी सोप्यात आजी ज्वारी निवडायला बसली की तिच्या थोरल्या चुलत्याची गोष्ट निघायचीच. घरात चौथीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. हा एकटा शिकायला साताऱ्याला गेला, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात. "आईला सोडून गेला, पर तितं वैनी हुत्या," आजी म्हणायची.

वहिनी म्हणजे लक्ष्मीबाई, भाऊरावांच्या पत्नी. भाऊरावांची रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराडजवळच्या काले गावात निघाली, १९२४ मध्ये साताऱ्याला आली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते बोर्डिंगला शाहू छत्रपतींचं नाव मिळालं. जैन घरातली, सोवळं-ओवळं पाळत वाढलेली ही बाई. तिच्या हातचं आता सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसून जेवू लागली. दाणागोटा संपला की तिचा एकेक दागिना मोडायचा. शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० साली ती गेली.

भाषणांत मंगळसूत्राचा प्रसंग आला की लोक डोळे पुसतात. आजीचं मत वेगळं होतं. "आरं, डोरलं काय, एकदाच इकता येतं. भाकरी रोज थापावी लागती!"

हे तिनं अनुभवातून म्हटलेलं असणार. आजोबा मुंबईला गिरणीत. तेव्हा पुणे-मिरज लोहमार्ग मीटरगेज. मुंबईहून येताना पुण्याला गाडी बदलावी लागे. १९७१ च्या सुमारास रूळ रुंद झाले, तरी आजोबा काही जास्त वेळा आले नाहीत. शेत, म्हैस, सासू आणि पोरं आजीच्याच गळ्यात. तिच्या लेखी सालं आकड्यांनी ओळखायची नसत. माझे वडील 'भूकंपात' रांगत होते, म्हणजे डिसेंबर १९६७. कोयनेच्या त्या पहाटे तिनं आधी पोरं अंगणात काढली, मग सासूला, आणि मग पुन्हा आत शिरून म्हैस सोडली. धाकटी आत्या 'दुष्काळातली', १९७२ ची. ओली बाळंतीण असूनही आजी खडी फोडायला गेली आणि रेशनच्या मिलोच्या भाकरी केल्या. त्या तांबड्या ज्वारीचा राग तिनं मरेपर्यंत धरला. आम्ही ताटात अन्न टाकलं की मिलोचा उद्धार व्हायचा.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला आणि आजोबा कायमचे घरी आले. पगार थांबला. तेव्हा घर तगलं ते खरिपातल्या घेवड्यावर. वाघाच्या अंगासारखे पट्टे असलेला आमच्याकडचा वाघ्या घेवडा. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आजीला मानांकनाचं फारसं काही नव्हतं. तिनं फक्त विचारलं, "म्हंजी दर वाढनार का?" ती घेवडा विकून आमच्या फिया भरायची. मी कोरेगावच्या डी. पी. भोसले महाविद्यालयात शिकले. तेही रयतचंच, हे कळल्यावर मात्र तिनं पेढे वाटले; तसं दुसऱ्या कशासाठी तिनं पैसे सोडल्याचं मला आठवत नाही.

लक्ष्मीबाईंच्या नावानं सोलापुरात रयतचं महिला महाविद्यालय आहे. चाळीसहून जास्त वर्षं जे शेत आजीनं कसलं, त्याच्या सातबाऱ्यावर तिचं नाव पहिल्यांदा लागलं ते आजोबा वारल्यावर, वारस म्हणून, मुलांच्या नावांखाली.