रूप बदलणारी बाई आणि पुराव्याचा प्रश्न

आज आपण चेटकिणीविषयी बोलू. आपल्याकडची हडळ बघा. तिची पावलं उलटी. पाय बघितले की ओळख पटली! सातपुड्यात, नंदुरबारकडच्या पाड्यांवर जिला डाकीण म्हणतात, तिला अशी खूण नाही. दिसायला ती शेजारचीच बाई. रात्री मांजरासारखं रूप घेते, असं मानतात.

आता हे तर्काच्या अंगाने तपासू. गाय आटली, मूल दगावलं. भगताने एका बाईचं नाव घेतलं. बहुधा एकटी, विधवा. कधी तिच्याकडे जमिनीचा तुकडा. ती म्हणते, 'मी तर घरीच होते.' उत्तर तयार असतं : घरी तुझा देह होता, मांजर होऊन कोण गेलं? म्हणजे रूप बदलणं ही गोष्टीतली नुसती गंमत नाही. ते त्या बाईचा शेवटचा पुरावाच काढून घेतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत सेलम इथे १६९२ मध्ये 'तिची छाया मला दिसली' अशा साक्षींवर खटले चालले, १९ जणांना फाशी झाली. ती साक्ष ग्राह्य धरणं थांबलं, तेव्हा खटले कोसळले. नवाहो आदिवासींमध्येही प्राण्याचं रूप घेणाऱ्या चेटक्यांची भीती आहे. अमेरिकी सैन्याने १८६४ मध्ये त्यांना मुलखातून हाकललं. १८६८ ला ते परतले. पुढे १८७८ मध्ये चेटकाच्या संशयावरून सुमारे ४० जण मारले गेले. विस्कटलेला समाज दोष द्यायला जवळचाच माणूस शोधतो.

मग कल्पित कथेत हे पात्र घ्यायचंच नाही का? तसं आपण म्हणत नाही. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तल्या चेटकिणीला मुलं घाबरतात, हसतात, घरी जातात. ती कुणाचीच शेजारीण नाही. पण २०१६ मध्ये जे. के. रोलिंग यांनी नवाहोंची ही श्रद्धा आपल्या जादूगारांच्या इतिहासात ओवली, तेव्हा मूळनिवासी अभ्यासकांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं साधं होतं : तुमची अद्भुतकथा, आमच्यासाठी आजची जिवंत बाब.

आपला जादूटोणाविरोधी कायदा इथे फार शहाणपणाने वागतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने गुरांचं दूध आटवते, असं भासवून तिला छळणं हा गुन्हा ठरला. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं.

लक्षात घ्या, डाकीण असते की नसते, हे त्या बाईने सिद्ध करायचं नाही. जाब आता बोट दाखवणाऱ्याला द्यायचा आहे. शेकडो वर्षं उलटा टांगलेला प्रश्न एवढ्यानेच सरळ झाला. पण कायदा पाड्यावर पोचायला माणूस लागतो. तेव्हा कुणी कुणाकडे बोट दाखवलं, तर आपण तिथल्या तिथे विचारायचं : पुरावा काय?