'द ड्रिफ्टर्स' : वृंदाचे नाव आणि गायकांचे स्थान

डू-वॉप ही अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुणांनी घडविलेली समूहगायनाची शैली होय. या शैलीतून पुढे आलेल्या 'द ड्रिफ्टर्स' या वृंदाचे नाव टिकले, गायक मात्र सतत बदलत राहिले. अटलांटिक रेकॉर्ड्ससाठी क्लाइड मॅकफॅटर यांनी १९५३ मध्ये हा वृंद उभारला. पुढे एकल गायनाकडे वळताना त्यांनी आपला हिस्सा व्यवस्थापक जॉर्ज ट्रेडवेल यांना विकला. नंतरच्या गायकांच्या दृष्टीने हा व्यवहार घातक ठरला. नाव ट्रेडवेल यांच्या मालकीचे झाले आणि गायक केवळ पगारी उरले. १९५८ मध्ये त्यांनी सर्वच गायकांना काढून 'फाइव्ह क्राउन्स' या वेगळ्याच वृंदाला तेच नाव दिले. जुन्या संचाच्या चाहत्यांना हे नवे चेहरे पाहून काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी! नव्या संचातील बेन ई. किंग यांच्या स्वरातील 'देअर गोज माय बेबी' हे गीत १९५९ मध्ये विलक्षण गाजले. तथापि मोबदल्याच्या वादातून तेही १९६० मध्ये बाहेर पडले. त्यांच्यानंतर प्रमुख गायक झालेले रूडी लुईस यांचे मे १९६४ मध्ये 'अंडर द बोर्डवॉक'च्या ध्वनिमुद्रणाच्या आदल्या रात्री निधन झाले. ध्वनिमुद्रण ठरल्याप्रमाणेच झाले. जुन्या संचातून परतलेल्या जॉनी मूर यांनी ते गायिले. १९६७ मध्ये ट्रेडवेल निवर्तल्यावर वृंदाची सूत्रे त्यांच्या पत्नी फे ट्रेडवेल यांच्याकडे आली.