एक जूनची जन्मतारीख

कोणत्याही जुन्या शाळेच्या कपाटात ढाली असतात, करंडक असतात, मान्यवरांच्या भेटीची छायाचित्रे असतात. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने त्यांची धूळ झटकली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु कायद्याच्या नजरेने पाहिले तर शाळेतील सर्वांत मोलाची वस्तू निराळीच ठरते. ती म्हणजे जाड पुठ्ठ्याचे, कोपरे झिजलेले जनरल रजिस्टर. हिंदी भाषक प्रदेशात त्यालाच स्कॉलर रजिस्टर म्हणतात. त्यात प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एकच आडवी ओळ असते. पुढे पासपोर्ट असो, नोकरी असो वा निवृत्तिवेतन, या माणसाचा जन्म कधीचा, असा प्रश्न सरकारी खिडकीवर विचारला गेला की त्याचे उत्तर शोधत माणूस पुन्हा त्या ओळीपाशी येतो. या ओळीतील जन्मतारखेच्या रकान्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

आपल्या समाजाला जन्मवेळेचे महत्त्व ठाऊक नव्हते असे नाही. पत्रिका मांडणाऱ्या घरांत तर घटका-पळांपर्यंत नोंद होत असे. मात्र ती नोंद तिथीची होती, ती ग्रहांसाठी आणि घरासाठी होती. सरकारला दाखवण्यासाठी वय लागते, ही कल्पनाच नवी होती. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर शिक्षणखाती स्थापन झाली, खासगी शाळांना सरकारी अनुदान मिळू लागले आणि अनुदानामागोमाग तपासणी आली. तपासणी म्हटली की नोंदवही आलीच. पुढे १८९१ चा संमतिवयाचा कायदा आणि १९२९ चा शारदा कायदा यांनी मुलीचे वय हा कायद्याचा विषय केला. गंमत अशी, की वय सिद्ध करण्याचे साधन मात्र सर्वांच्या हाती नव्हते. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा १८८६ चा कायदा ऐच्छिक होता. ज्याला वाटे त्याने नोंद करावी, न वाटे त्याने करू नये, असाच त्याचा अर्थ होता.

संपूर्ण देशासाठी जन्माची नोंद बंधनकारक करणारा कायदा झाला १९६९ साली आणि बहुतेक राज्यांत तो १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. साठ वर्षांपूर्वी आपल्या शाळेत पहिली घंटा वाजली, तेव्हा हा कायदा अस्तित्वातच नव्हता. त्या काळी मुलाला शाळेत घालायला येणाऱ्या पालकांजवळ बहुधा कागद नसे, आठवण असे. ‘पानशेत फुटले त्या वर्षीचा’ म्हटले की १९६१ चा पावसाळा निश्चित होई. ‘कोयनेच्या भूकंपाच्या आगेमागे’ म्हटले की १९६७ चा डिसेंबर. ‘गणपती बसले त्याच दिवशी’ एवढेच कळले, तर मात्र गुरुजींपुढे पेच पडे. गणेशचतुर्थी कधी ऑगस्टच्या अखेरीस येते, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. त्या वर्षीचे पंचांग हाताशी नसेल, तर तिथीची तारीख करायची कशी? आणि रजिस्टरात तर तारीख अंकी लिहायची असे, अक्षरीही लिहायची असे.

या पेचातून शिक्षकांनी एक मार्ग काढला. महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये उघडत. प्रवेशासाठी ठरावीक वय पूर्ण असणे आवश्यक असे. मग मुलाकडे पाहून, कधी उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला पोहोचतो का हे पाहून, वर्षाचा अंदाज बांधायचा आणि तारीख लिहायची १ जून. जेथे शाळा जुलैत उघडत, त्या उत्तरेकडील प्रांतांत हीच तारीख १ जुलै होई. म्हणूनच एका पिढीतील असंख्य माणसांचा कागदोपत्री वाढदिवस एकाच दिवशी येतो. सख्ख्या भावंडांचीही जन्मतारीख तीच, फक्त साल निराळे, अशी घरे आपल्या परिचयाची आहेत.

आज या प्रथेचा विनोद होतो. मला मात्र तिच्यात त्या शिक्षकांची माणुसकी दिसते. कागद नाही म्हणून मूल परत पाठवणे सोपे होते, नियमालाही धरून झाले असते. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी तारीख दिली आणि तारखेबरोबर शिक्षणही दिले. अनेक घराण्यांतील पहिली शिकलेली पिढी या अंदाजी तारखेच्या दारातूनच आत आली.

या दयेची किंमतही काहींना मोजावी लागली, हे इतिहासाने नोंदवले पाहिजे. सरकारी नियमानुसार कर्मचारी निवृत्तीचे वय ज्या महिन्यात पूर्ण करतो, त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. पण जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल, तर आदल्याच महिन्याच्या अखेरीस. त्यामुळे १ जूनची माणसे ३१ मे रोजी कार्यालयाचा निरोप घेतात. खरा जन्म पुढच्या जानेवारीचा असेल, तर सात-आठ महिन्यांचा पगार एका अंदाजाने जातो. तारीख दुरुस्त करायची, तर केंद्रीय सेवेत त्यासाठी रुजू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे. सेवेच्या अखेरीस जाग आलेल्यांना दाद मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या हरनाम सिंग प्रकरणात स्पष्ट केले. मोठ्या पदामुळेही हा प्रश्न सुटत नाही. लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांच्या शालान्त प्रमाणपत्रावर १० मे १९५१ ही तारीख होती आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशअर्जात १० मे १९५०. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी आपली याचिका मागे घेतली. शाळकरी वयात भरलेल्या अर्जातील एक आकडा सेनापतीच्याही पाठीशी चाळीस-पंचेचाळीस वर्षे उभा राहतो, तेथे इतरांची काय कथा!

आता काळ पालटला आहे. १९६९ च्या कायद्यानुसार जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यायची असते. वर्ष उलटून गेले, की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. बारसे व्हायच्या आधी नोंद झाल्यामुळे पुष्कळ दाखल्यांत नावाचा रकाना कोराच राहतो; तेथे बाळाचे नाव पंधरा वर्षांच्या आत घालून घेता येते. पासपोर्टसाठी २६ जानेवारी १९८९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना एके काळी जन्मदाखलाच लागे. २०१६ च्या डिसेंबरात ती अट सैल झाली आणि शाळा सोडल्याचा दाखलाही चालू लागला. पुढे १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पुन्हा केवळ जन्मदाखला हाच पुरावा ठरला. म्हणजे येत्या काही वर्षांत पहिलीत येणाऱ्या मुलांच्या बाबतीत शाळा तारीख देणार नाही, फक्त उतरवून घेईल.

तरीही शाळेच्या कागदाचे मोल सरलेले नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ नुसार एखादी व्यक्ती अल्पवयीन आहे की नाही हे ठरवताना पहिला मान शाळेच्या दाखल्याला किंवा शालान्त प्रमाणपत्राला आहे, नगरपालिकेच्या जन्मदाखल्याला त्यानंतर, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्ता अपघातातील मृताचे वय ठरवताना आधार कार्डापेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य मानला. दाखल्याप्रमाणे वय पंचेचाळीस होते, आधारप्रमाणे सत्तेचाळीस. आणि भरपाईचा हिशेब वयावर अवलंबून असल्यामुळे या दोन वर्षांवर एका कुटुंबाची रक्कम ठरणार होती. कधी काळी एका शिक्षकाने शाईने लिहिलेली ओळ त्या घराच्या कामी आली.

महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाला आणखी एक जागरूकता बाळगावी लागते, ती नावाची. आपले नाव तिपेडी: स्वतःचे, वडिलांचे वा पतीचे, आणि आडनाव. इकडच्या अर्जांत मधल्या नावाला पुष्कळदा जागाच नसते. ‘ज्ञानेश्वर’ आपण ‘द्न्य’ने उच्चारतो, हिंदी भाषक ‘ग्य’ने, इंग्रजी अर्जात त्याची दोन वेगळी स्पेलिंगे होतात आणि एका माणसाची कागदोपत्री दोन माणसे होतात. ‘ळ’ला तर रोमन लिपीत स्वतःचे अक्षरच नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३५०-क ने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे, यासाठी सोयी करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. पण मातृभाषेतले नाव परभाषेच्या अर्जात प्रत्येक वेळी सारखेच उतरले आहे ना, हे पाहण्याचे काम आपले आपल्यालाच करावे लागते.

म्हणून पालकांना एवढेच सांगावेसे वाटते, की प्रवेशाच्या दिवशी रजिस्टरातील आपल्या पाल्याची ओळ वाचूनच सही करावी. नाव, त्याचे इंग्रजी स्पेलिंग आणि तारीख जन्मदाखल्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावी. पाच मिनिटांचे हे काम पुढची पाच वर्षांची पायपीट वाचवते. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती तुलनेने सोपी असते. ते शाळा सोडून गेले, की तीच दुरुस्ती फार अवघड होते. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना ही ओळ पुन्हा एकदा वाचावी, कारण त्यानंतर ती मंडळाच्या प्रमाणपत्रात उतरते.

आणि आम्हा शिक्षकांनी काय लक्षात ठेवावे? शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १४ ने २०१० पासून सांगितले आहे, की वयाचा पुरावा नाही या कारणाने कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येणार नाही. संसदेने हे कलमबद्ध करण्याच्या कितीतरी आधी, १ जून लिहिणाऱ्या गुरुजींनी ते आचरणात आणले होते. संगणकाच्या पडद्यावर आज तारांकित रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही, हे खरे. तरी दारात उभे असलेले मूल आधी आत घ्यावे, कागद मागाहून पुरा करून घ्यावा, हा या शाळेला मिळालेला वारसा आहे. अमृत महोत्सवाकडे वाटचाल करताना आपण तो जपू या.