खापरपणजीचा शोध : दंडनोंदींतून दिसणारी आयरिश स्त्री

१७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत ब्रिटिश सत्तेने सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर नेऊन सोडले. त्यांत स्त्रिया सुमारे २५,००० होत्या आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या वाट्याला व्हॅन डीमेन्स लँड हे बेट आले. १८५६ साली याच बेटाचे नाव टास्मानिया झाले. या स्त्रियांमध्ये आयरिश स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. आज त्यांचे वंशज आपापल्या खापरपणज्यांचा माग काढत अभिलेखागारांत येतात. पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांनी हा ‘कैद्याचा डाग’ झाकून ठेवला होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र तोच डाग अभिमानाने सांगण्याची गोष्ट ठरला.

हा शोध उलट्या दिशेने चालतो. मृत्यूच्या नोंदीवरून विवाहाच्या नोंदीकडे जायचे आणि तेथून विवाहाच्या परवानगीकडे. शिक्षा भोगत असलेल्या स्त्रीला लग्नासाठी सरकारची अनुमती लागे. त्या अनुमतीच्या वहीत वधू आणि वर यांच्या नावांपुढे ते ज्या जहाजाने आले त्याचे नाव लिहिलेले असते. याला कारण आहे. आयरिश खेड्यांत मेरी, ब्रिजेट, कॅथरीन, मार्गारेट अशी मोजकीच नावे फिरून फिरून येत. आडनावे कारकून कानाला ऐकू येतील तशी लिहीत. एकाच स्त्रीचे आडनाव तीन कागदांवर तीन प्रकारे आढळते. अशा गर्दीत माणूस ओळखायचा तो जहाजावरून. १८४५ साली ‘फीबी’ जहाजाने आलेली मेरी आणि १८४७ साली ‘वेव्हर्ली’ने आलेली मेरी या वेगळ्या, एवढे त्यावरून कळते. जहाजाचे नाव हेच तिचे दुसरे आडनाव होऊन बसले.

जहाज सापडले की वर्तणुकीची नोंदवही उघडता येते. टास्मानियातील या कैदी-नोंदी २००७ साली युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदणीत समाविष्ट झाल्या, आणि ते यथार्थच आहे. उंची फूट-इंचांत, डोळ्यांचा व केसांचा रंग, अंगावरील व्रण, धर्म, जन्मगाव, वाचता-लिहिता येते की नाही, कोणते काम येते, गुन्हा कोणता याविषयी तिचे स्वतःचे सांगणे, आणि पुष्कळदा मागे राहिलेल्या आईबापांची, भावंडांची नावेही तेथे मिळतात. त्याखाली बेटावरील अपराध दाटीवाटीने लिहिलेले असतात : मद्यपान, मालकिणीला उलट उत्तर, परवानगीवाचून गैरहजर. त्यांपुढे शिक्षा : एकांतकोठडी, किंवा सक्तमजुरी, म्हणजे बहुधा धुण्याच्या हौदाशी. होबार्टजवळील कॅस्केड्स ‘फीमेल फॅक्टरी’ १८२८ साली सुरू झाली. तिच्यात कारखाना, तुरुंग आणि प्रसूतिगृह एकाच आवारात होते. तेथील बालमृत्यू त्या काळीही चर्चेचा विषय झाले होते. वाचलेली मुले थोडी मोठी झाली की आईपासून काढून न्यू टाऊनच्या अनाथगृहात पाठवली जात. त्या स्त्रीची आई म्हणून असलेली कहाणी अशी दोन संस्थांच्या वह्यांत दुभंगलेली सापडते.

आयर्लंडच्या बाजूने शोध अधिक खडतर आहे. जून १९२२मध्ये यादवी युद्धाच्या आरंभी डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्‌स’मधील सार्वजनिक अभिलेख कार्यालय जळाले आणि शतकानुशतकांची कागदपत्रे त्यात गेली. मात्र डब्लिन कॅसलमधील सरकारी कागद वेगळ्या जागी असल्याने वाचले. त्यांत १८३६ पासूनच्या हद्दपारीच्या नोंदवह्या आहेत, आणि त्याआधीपासूनचे दयेचे अर्जही. ऑस्ट्रेलियातील वसाहतीला दोनशे वर्षे झाली तेव्हा, १९८८ साली, आयरिश सरकारने या नोंदींच्या सूक्ष्मफिती ऑस्ट्रेलियाला भेट दिल्या. कित्येक घराण्यांना मूळ गावाचा पत्ता त्यांतून लागला.

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. आयर्लंडमध्ये सर्वांसाठी जन्म-मृत्यूची नागरी नोंदणी १८६४ साली सुरू झाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जनगणनेचे बहुतेक कागद १९२२च्या आगीत गेले. म्हणजे १८४५ नंतरच्या दुष्काळात मेंढी किंवा कपडे चोरून सात वर्षांची शिक्षा ओढवून घेणाऱ्या मुलीचे डोळे कोणत्या रंगाचे होते ते आज आपल्याला ठाऊक आहे. आणि तिची जी बहीण काही न चोरता त्याच झोपडीत उपाशी राहिली, तिच्याविषयी बहुधा एक ओळही शिल्लक नाही. जी तिच्या दंडाची नोंद, तीच तिच्या अस्तित्वाची साक्ष.

पण ही साक्ष कोणाची? वही लिहिणारा तिचा पहारेकरी होता. त्याच्या शब्दांवर विसंबून दीर्घकाळ या स्त्रियांना सरसकट पतित मानले गेले. डेबोरा ऑक्सली यांनी ‘कन्व्हिक्ट मेड्स’ (१९९६) या ग्रंथात न्यू साउथ वेल्समध्ये आलेल्या स्त्रियांच्या जहाजनोंदी कामाच्या आणि कसबाच्या दृष्टीने तपासल्या, तेव्हा त्यांतून घरकाम, शिवण, दूधदुभते जाणणाऱ्या सामान्य कष्टकरी स्त्रिया पुढे आल्या. कागद बदलले नव्हते. त्यांना विचारलेला प्रश्न बदलला होता. ‘उद्धट वर्तन’ या दोन शब्दांत मालकाचा राग आहे की मोलकरणीचा स्वाभिमान, हे वही सांगत नाही. वंशजाने दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवाव्यात. आपल्या पूर्वजेला दीन ठरवण्याचा मोह जितका वाईट, तितकाच तिला वीरांगना करण्याचाही.

आणि अखेरीस ही वही बंद होते ती तिच्या सुटकेपाशी. मुदत संपल्याचा दाखला मिळाला की सरकारचे तिच्याशी काम उरत नाही. ती नवऱ्याचे आडनाव लावते. १८५१ नंतर सोन्याच्या बातमीने अनेकांसारखी समुद्र ओलांडून व्हिक्टोरियाला जाते. चर्चच्या वहीत आई म्हणून एखाद्या वेळी उमटते आणि मग दिसेनाशी होते. घराण्याच्या दृष्टीने येथे माग तुटतो. तिच्या दृष्टीने पाहिले तर, तिच्यावर पहारा ठेवून लिहिणारे कोणी उरले नव्हते, एवढाच त्या कोऱ्या पानाचा अर्थ असू शकेल.